राणीसाहेबांचं उकळलेलं पाणी

रेडिओवर तिला सगळे मैना म्हणत. सकाळच्या बातम्या आणि त्यांच्यामागून येणारं आरोग्य खात्याचं निवेदन संपलं, की तिचा कार्यक्रम लागायचा. कोणत्या नटाचं कोणाशी बिनसलं, कोणत्या गायिकेने नवं घर घेतलं, कोणाचं लग्न ठरलं आणि कोणाचं मोडायच्या बेतात आहे, हे ती अशा आवाजात सांगायची, की ऐकणारीला वाटावं, ही आपल्याच स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभी आहे आणि फक्त आपल्याला सांगतेय. देशभर तिचा कार्यक्रम ऐकला जायचा. बसचालक ऐकायचे, शिवणकाम करणाऱ्या बायका ऐकायच्या, बँकेतले साहेब ऐकायचे आणि ऐकत नाही म्हणून सांगायचे.

घरात मात्र ती धाकटी, आणि तिचा आवाज चढायचा नाही. घरात बोलायचं काम आईचं आणि दुरुस्त करायचं काम ताईचं. ताई सरकारी रुग्णालयात परिचारिका होती, बायकांच्या वॉर्डाची प्रमुख. दिवसभर सगळे तिला सिस्टर म्हणत आणि घरी आली की ती ताई. "मला सुट्टी कुठेच नाही," ती म्हणायची, "दोन्हीकडे बहीणच."

धाकटीच्या कामाचा ताईला राग नव्हता. तिला ते दिसायचंच नाही, शेजारच्या घरात चाललेल्या टीव्हीसारखं. ती अग्रलेख वाचायची, संसदेत काय झालं ते वाचायची, आणि एखादा आकडा चुकीचा वाटला तर वर्तमानपत्राच्या कचेरीत फोन करायची. आईचं उलट. आईला मंत्रिमंडळातले दोन मंत्री सांगता आले नसते, पण राणीसाहेबांच्या तिन्ही नणंदांची नावं तिला पाठ होती.

या राणीसाहेब म्हणजे कोणी खऱ्या राणी नव्हेत. ती एक नटी होती. पुष्कळ वर्षांपूर्वी तिने एका मालिकेत राणीचं काम केलं. मालिका संपली, राज्य गेलं, किताब तेवढा राहिला. रस्त्यावरचा माणूसही तिला राणीसाहेब म्हणे आणि अहोजाहो करी. तिची बातमी असली की मैनाच्या कार्यक्रमाला श्रोते वाढत, हे मैनाला माहीत होतं आणि तिच्या साहेबांना त्याहून जास्त माहीत होतं.

त्या वर्षी काविळीची साथ आली. आधी एका शहरात, मग नदीकाठच्या सगळ्या शहरांत, मग राजधानीत. ही कावीळ पाण्यातून पसरत होती. बहुतेकांना काही आठवडे अशक्तपणा यायचा आणि माणूस उठून कामाला लागायचा. पण गरोदर बाईला झाली तर ती जिवावर बेतायची. आरोग्य खात्याने रोजच्या निवेदनात सांगायला सुरुवात केली, की पाणी उकळून प्या. हे निवेदन वाचणारे गृहस्थ गाड्यांचं वेळापत्रक वाचल्यासारखं वाचत. त्यांचा दोष नव्हता; त्यांना तसंच लिहून आलेलं असे.

ताईने घरातही सांगितलं. आई म्हणाली, "उकळलेल्या पाण्याला चव नसते."

"काविळीला असते का?"

"तू वॉर्डातली भाषा घरात आणू नकोस," आई म्हणाली आणि नळाखाली पेला धरला.

एका दुपारी ताई ड्यूटीवरून आली आणि दाराजवळच्या खुर्चीवर बूट न काढता बसून राहिली. हे तिच्या सवयीत नव्हतं. धाकटी समोर येऊन उभी राहिली तेव्हा ताई सांगू लागली. सकाळी वॉर्डात एक मुलगी गेली होती. कावीळ झालेली, सात महिन्यांची गरोदर. आणली तेव्हाच शुद्धीवर नव्हती. नवरा बाहेर बाकावर बसला होता, गोदामात हमाली करणारा, अंगापिंडाने मोठा.

"मी त्याला विचारलं, पाणी उकळत नव्हता का? विचारायला नको होतं. अशा वेळी विचारायचं नसतं, पण मी विचारलं. तो म्हणाला, आम्हाला कोणी सांगितलंच नाही. मी म्हटलं, रोज रेडिओवर सांगतात. तर म्हणाला, आम्ही रेडिओ मैनाला लावतो. त्याआधी बंद असतो."

धाकटी तिच्यासमोर जमिनीवर बसली.

"तुला सुनावायला म्हणून नाही सांगत," ताई म्हणाली. "तू कोण ते त्याला माहीत नाही. झालं ते सांगतेय." मग ती उठून बूट काढायला लागली.

दुसऱ्या दिवशी मैना केंद्राच्या साहेबांकडे गेली. साहेब रेडिओत मुरलेला माणूस. टेबलावर त्यांनी कधी कागद साठू दिला नाही आणि कधी कोणाला नाहीही म्हटलं नाही. समोरचा आपणच नाही म्हणून उठेल अशी व्यवस्था करायचे.

"आपल्याकडे आरोग्याचं निवेदन आहे की," ते म्हणाले.

"ते कोणी ऐकत नाही."

"बरोबर. ते न ऐकायची वेळ लोकांनी ठरवलेली आहे. तू तुझी वेळ कशाला खराब करतेस?"

"साहेब, फक्त दोन मिनिटं."

"वाच बापडी," साहेब म्हणाले. "वाचून बघ."

तिने वाचलं. खात्याचा कागद बाजूला ठेवून, आपल्या शब्दांत, आपल्या आवाजात. पाणी उकळा, गरोदर बायकांनी तर नक्कीच. काचेपलीकडे ध्वनियंत्रापाशी बसलेल्या तंत्रज्ञाने मध्येच चहाचा कप उचलला, आणि तो सहसा तिचा कार्यक्रम चालू असताना कप उचलत नसे. मग श्रोत्यांचे फोन आले. पहिलीने काळजीने विचारलं, मैनाताई, आज बरं नाही का? दुसरीने विचारलं, ते लग्नाचं अर्धवट राहिलं, ते आज सांगणार का उद्या? पाण्याबद्दल कोणी बोललं नाही.

म्हणून त्याच्या पुढच्या सकाळी ती खोटं बोलली.

ठरवून आली होती असं म्हणता येत नाही. एका गायकाच्या नव्या गाडीबद्दल सांगून झालं, मध्ये श्वास घेण्यापुरती जागा होती, आणि त्या जागेत ती म्हणाली, "आता एक गंमत. आपल्या राणीसाहेब हल्ली चित्रीकरणाला जातात तेव्हा बरोबर काय असतं, सांगा बघू? थर्मास. त्यात चहा नाही, कॉफी नाही. पाणी. घरचं, खळखळून उकळलेलं. दुसरीकडच्या पाण्याचा घोटसुद्धा घेत नाहीत म्हणे. का, ते मी विचारलं नाही. तुम्हीच काय ते समजा."

शेवटचं वाक्य सवयीने आलं. अशा प्रत्येक बातमीला ती तसं शेपूट लावायची. पण सगळं काम त्या शेपटाने केलं. दुपारपर्यंत देशाचं एकमत झालं, की राणीसाहेबांना दिवस गेलेत.

संध्याकाळी धाकटी घरी आली तेव्हा शेगडीवर घरातलं सगळ्यात मोठं पातेलं होतं आणि आई पदर खोचून त्याच्यावर नजर ठेवून उभी होती. ताई स्वयंपाकघराच्या दारात होती.

"मी महिनाभर सांगतेय," ताई म्हणाली.

"तू सगळ्यांनाच सांगतेस," आई म्हणाली. "तिने स्वतः केलंय. लग्नाला किती वर्षं झाली, किती वाट बघितली बिचारीने. ती उगाच करेल का?"

"आई, तू गरोदर नाहीस."

"नसले म्हणून काय झालं? तिची सासूही उकळलेलंच पीत असणार. घरात दोन पाणी ठेवतात का कोणी?"

ताईने धाकटीला गॅलरीत नेलं. "हे तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मी बनवलं."

ताई कठड्यावर हात ठेवून खाली बघत राहिली. रस्त्यापलीकडच्या भांड्यांच्या दुकानात एक बाई थर्मासचं झाकण उघडून आत डोकावत होती. धाकटीला वाटलं, आता ताई बोलेल ते आयुष्यभर पुरेल.

"उद्या परत सांग," ताई म्हणाली. "आणि नीट सांग. नुसतं गरम केलेलं चालत नाही म्हणावं. उकळी फुटल्यावरही थोडा वेळ ठेवायचं, आणि झाकून ठेवायचं. पेला बुडवून काढायचा नाही, ओगराळं वापरायचं."

मैनाने तसं सांगितलं. मग रोज थोडं थोडं सांगत गेली. राणीसाहेबांचं पातेलं वेगळं असतं. राणीसाहेब बाहेरून आल्या की आधी साबणाने हात धुतात. आता तिला फारसं बनवावंही लागत नव्हतं, कारण लोकच पुरवत होते. एका वर्तमानपत्राने राणीसाहेबांचा गाडीतून उतरतानाचा फोटो छापला आणि त्यांच्या हातातल्या बाटलीभोवती लाल वर्तुळ काढलं. दुसऱ्याने त्यांच्या पोटाभोवती काढलं. दुकानांतले थर्मास संपले.

आणि वॉर्डात नव्या बायका कमी येऊ लागल्या. लगेच नव्हे, काही आठवड्यांनी, पण फरक दिसत होता. तपासणीच्या रांगेत पोट सावरत उभ्या असलेल्या बायकांच्या खांद्याला थर्मास दिसायचे. ताईने एकीला विचारलं, हे कोणी सांगितलं तुला? ती म्हणाली, "एवढी मोठी बाई करते, सिस्टर, म्हणजे काहीतरी असेल ना त्यात."

ताईने हे घरी सांगितलं. "मी या विषयाची पदवी घेतलीय," ती म्हणाली. "पण मला तीन नणंदा नाहीत, तिथे कमी पडते."

मग राणीसाहेबांचा फोन आला. वकिलाचा नव्हे, व्यवस्थापकाचा नव्हे, त्यांचा स्वतःचा. चित्रीकरणाच्या जागी भेटायला या, एवढंच म्हणाल्या.

रंगभूषेची खोली लहानशी होती. भिंतभर आरसा, त्याला कडेने दिवे, दोन खुर्च्या आणि खुंटीवर टांगलेले कपडे. राणीसाहेबांच्या चेहऱ्यावर अजून काही लावलेलं नव्हतं, आणि तशा त्या एखाद्या शाळेतल्या बाईंसारख्या दिसत होत्या. टेबलावर विकतच्या पाण्याच्या बाटल्या होत्या.

"बसा," त्या म्हणाल्या. "मी आयुष्यात कधी पाणी उकळलेलं नाही. चहासुद्धा मला कोणीतरी करून देतं."

"माझी चूक झाली," मैना म्हणाली.

"परवा सासूबाईंचा फोन आला होता. अभिनंदनाचा. आनंदाने रडत होत्या. मला सांगावं लागलं, की तसं काही नाही." राणीसाहेब आरशात नव्हे, मैनाकडे बघत होत्या. "याआधीही दोनदा सांगावं लागलं होतं त्यांना. त्या दोन्ही वेळा आधी तसं काही होतं, मग नव्हतं."

मैनाला या बाईच्या दिवाणखान्यातल्या पडद्यांचा रंग माहीत होता. त्यांच्या भावजयीचं माहेर माहीत होतं. हे माहीत नव्हतं. तिने मान खाली घातली.

"माफी मागायला नाही बोलावलं. कशासाठी केलंत ते विचारायला बोलावलं. पैशासाठी केलं असतंत तर एवढं साधं केलं नसतंत. पाणी काय, उकळणं काय."

मैनाने सांगितलं. वॉर्डातली मुलगी, बाकावर बसलेला नवरा, तो रेडिओ कधी लावायचा ते. राणीसाहेबांनी मध्ये काही विचारलं नाही. रंगभूषाकार दारातून डोकावला, त्याला त्यांनी हाताने थांबायला सांगितलं.

"आता कमी झालं?"

"कमी होतंय. माझी बहीण म्हणते, अजून संपलेलं नाही."

"आणि मी उद्या सांगितलं, की हे सगळं खोटं आहे, तर?"

"तर लोक म्हणतील, मग आपण कशाला उकळायचं?"

राणीसाहेबांनी टेबलावरची एक बाटली उचलून परत ठेवली. मग म्हणाल्या, "साथ ओसरेपर्यंत मी बोलणार नाही. होही म्हणणार नाही, नाहीही म्हणणार नाही. ओसरली की मी तुमच्या कार्यक्रमात येईन. तिथे तुम्ही सांगायचं, की तुम्ही खोटं बोललात. मी नाही सांगणार. तुम्ही."

मैना हो म्हणाली. दुसरं म्हणण्यासारखं काही नव्हतं.

त्यानंतरचे आठवडे राणीसाहेबांनी कसे काढले ते त्यांचं त्यांना ठाऊक. त्यांच्या पत्त्यावर लोकांनी विणलेले मोजे पाठवले, टोपडी पाठवली, नावं सुचवली. त्या बाहेर पडल्या की बायका आधी पोटाकडे बघत आणि मग तोंडाकडे बघून हसत. त्याही हसत.

मग आरोग्यमंत्र्यांनी त्यांचा जाहीर सत्कार ठरवला. ज्यांच्यामुळे देशाला शुद्ध पाण्याचं महत्त्व पटलं, असं निमंत्रणात होतं. मंत्र्यांनी त्यांना चांदीचा थर्मास दिला. नको म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं, म्हणून त्यांनी घेतला. फोटो पहिल्या पानावर आला आणि खाली त्यांच्या सैलसर कपड्यांची चर्चा.

त्याच दिवशी संसदेत एका सभासदाने विचारलं होतं, की मोठ्या शहरांच्या जलशुद्धीकरण केंद्रांत कित्येक महिने क्लोरीन घातलंच गेलं नाही, हे खरं आहे का? पुरवठ्याचा करार संपला होता आणि नवा करार आरोग्य मंत्रालयात सहीसाठी पडून होता, हे खरं आहे का? उत्तर मिळालं, की माहिती घेतली जात आहे. वर्तमानपत्रांनी हे आतल्या पानावर, बुटांच्या जाहिरातीशेजारी छापलं.

ताईने ते पान आणि पहिलं पान, दोन्ही जेवणाच्या टेबलावर पसरून ठेवली होती. धाकटी आली तशी ती म्हणाली, "हे वाच. पाण्यात औषधच नव्हतं."

धाकटीने वाचलं.

"सुटले ते," ताई म्हणाली. "तुमच्या त्या उकळण्यात सुटले सगळे. आता पाणी म्हणजे ज्याच्या त्याच्या शेगडीवरची गोष्ट झाली. उकळलं तर शहाणे, नाही उकळलं तर तुमचं तुम्ही बघा. त्यांनी काय केलं ते कोणी विचारणार नाही. थर्मास देऊन मोकळे झाले."

"तूच म्हणालीस, परत सांग."

"हो. मीच म्हणाले." ताई खुर्चीत बसली. आवाज खाली आणून तिने सांगितलं, "तो हमाल आला होता मागच्या आठवड्यात. तिचे कपडे आणि बांगड्या न्यायला. मला म्हणाला, राणीसाहेब पाणी उकळतात असं ऐकलं. आधी कळलं असतं तर आम्हीही उकळलं असतं."

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? पिशवी दिली."

आई आतून आली, तिने दोघींच्या तोंडाकडे बघितलं आणि काही न विचारता पुन्हा आत गेली. आईच्या बाबतीत हे फारच होतं.

साथ ओसरली. वॉर्डात वाढवलेल्या खाटा परत गेल्या. आणि शब्द दिल्याप्रमाणे राणीसाहेब रेडिओ केंद्रावर आल्या. साहेबांनी स्वतः दार उघडलं. कार्यक्रमाची वेळ वाढवली होती, जाहिरातीचे दर वाढवले होते, आणि राणीसाहेब गोड बातमी इथेच देणार, हे त्यांनी न सांगता चार लोकांना कळू दिलं होतं.

आत जाताना मैनाने त्यांना क्लोरीनचं सांगितलं. ताईने तिला सांगितलं होतं तसंच: पाण्यात औषध नव्हतं, करार पडून होता, विचारलं तर माहिती घेतोय म्हणतात. राणीसाहेब एक क्षण थांबल्या. "थर्मास दिला तेव्हा त्यांना हे माहीत होतं?"

"संसदेत त्याच दिवशी विचारलं होतं."

"अच्छा," त्या म्हणाल्या आणि आत जाऊन बसल्या.

लाल दिवा लागला. मैनाने आपल्या नेहमीच्या आवाजात सुरुवात केली नाही. ती म्हणाली, "राणीसाहेब उकळलेलंच पाणी पितात, थर्मास घेऊन जातात, हे मी तुम्हाला सांगितलं होतं. ते मी बनवलं होतं. मला कोणी सांगितलं नव्हतं. साथ होती, लोक ऐकत नव्हते, म्हणून बनवलं. त्यातून तुम्ही जे समजलात, ते समजावं असंच मी बोलले होते. तेही खोटं."

काचेपलीकडे साहेब उभे राहिले. तंत्रज्ञाने त्यांच्याकडे बघितलं. बटणाला हात लावू का, असं तो डोळ्यांनी विचारत होता. पण देशभर लोक ऐकत होते आणि जाहिराती लागायच्या होत्या. साहेब खाली बसले.

राणीसाहेब बोलल्या. "मी गरोदर नाही. ज्यांनी मोजे पाठवले त्यांचे आभार; ते मी रुग्णालयात दिलेत, तिथे ते घालायला पाय आहेत. यावर मला आणखी काही बोलायचं नाही आणि कोणी विचारूही नये. मी पाणी उकळत नव्हते हेही खरं. नंतर मात्र उकळायला लागले. आता रोज उकळते. मला एकच कळत नाही, हे किती दिवस करायचं? नळाला येतं ते प्यायचं पाणी असतं, असं आम्हाला शाळेत शिकवलं होतं. त्यात घालायचं औषध कित्येक महिने घातलं नाही म्हणे. सही राहिली होती म्हणे. मंत्रिसाहेबांनी माझा सत्कार केला तेव्हा मला हे माहीत नव्हतं. माहीत असतं तर तिथेच विचारलं असतं. आता इथून विचारते. का नव्हतं घातलं, आणि आम्ही किती दिवस उकळायचं?"

दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत पहिली बातमी होती, की राणीसाहेब गरोदर नाहीत. दुसरी, की मैना खोटारडी आहे. त्याच्या पुढच्या दिवशीही हेच होतं. औषधाची गोष्ट सगळ्यात खाली, दोन ओळींत. ताईने ती दाखवली नाही. धाकटीने शोधून वाचली.

पण लोकांना तो प्रश्न आवडला. राणीसाहेबांच्या तोंडचा होता आणि छोटा होता. बिल भरायच्या खिडकीशी माणूस म्हणायचा, किती दिवस? बस यायला उशीर झाला की रांगेतलं कोणीतरी म्हणायचं, किती दिवस? आधी गंमत म्हणून. मग एका शहरात पाणीपुरवठ्याच्या कचेरीसमोर बायका रिकामे थर्मास घेऊन बसल्या, तेव्हा ती गंमत राहिली नाही. संसदेत तोच सभासद पुन्हा उठला आणि या वेळी लोक त्याचं ऐकत होते. चौकशी समिती नेमली गेली. करारावर सही झाली. मंत्र्यांचं खातं बदललं. घरी पाठवलं नाही, दुसरं खातं दिलं.

राणीसाहेबांच्या सरकारी जाहिराती गेल्या. एक मालिका ठरली होती, ती पुढे ढकलली गेली आणि मग कोणी तिचं नाव काढेना. काहींनी लिहिलं, की हे सगळं प्रसिद्धीसाठी होतं. त्यांनी कशालाच उत्तर दिलं नाही. पुढे त्या नाटकात काम करू लागल्या, लहान नाट्यगृहांत, आणि लोक तिथेही गर्दी करत.

मैनाला साहेबांनी बोलावून घेतलं. "तुला काही दिवस थांबावं लागेल," ते म्हणाले.

"खोटं बोलले म्हणून?"

"त्याचं एवढं नाही. खोटं बोललीस हे सांगितलंस म्हणून. आता उद्या तू म्हणालीस अमक्याचं तमकीशी जुळलं, तर लोक म्हणतील, हेही बनवलं असेल. आपला धंदाच त्यावर आहे."

ती घरी बसली. आई पहिले काही दिवस तिच्याशी बोलली नाही. खोटं बोलल्याचा राग नव्हता, आपल्यालाही सांगितलं नाही, याचा होता. "ताईला माहीत होतं. मला नाही. मी चार जणींना शपथेवर सांगितलं, की मला आतून कळलंय." मैनाच्या जागी आलेल्या मुलीचा आवाज चांगला होता, पण ती बातमी वाचायची, सांगायची नाही. श्रोते गळू लागले. काही महिन्यांनी साहेबांचा फोन आला, आणि त्यांनी नेहमीप्रमाणे परत ये असं न म्हणता तब्येतीची चौकशी केली.

"मी येते," मैना म्हणाली. "पण शेवटची काही मिनिटं माझी. पाणी, दवाखाने, त्या समितीचं काय चाललंय ते. आणि बनवलेलं काही नाही, पहिल्या भागातही नाही."

"लोक शेवटी रेडिओ बंद करतील."

"करू देत."

केला काहींनी. साहेबांनी आकडे बघितले, तोंड वाकडं केलं आणि चालू दिलं. पहिल्या भागात ती पूर्वीसारखीच नटनट्यांचं सांगायची, त्यात तिला कधी कमीपणा वाटला नाही. फक्त कुठे थांबायचं ते तिला आता कळत होतं, आणि काही गोष्टी कळूनही ती सांगायची नाही.

समितीचा अहवाल आला तेव्हा तो इतका जाड आणि किचकट होता, की मैना दोन संध्याकाळी त्यावर डोकं घालून बसली आणि मग ताईला म्हणाली, "हे तूच सांग. येऊन."

ताई रजा काढून आली. इस्त्रीचे कपडे, हातात कागद. कार्यक्रमाच्या पहिल्या भागात ती बाहेरच्या बाकावर बसून एका नटाच्या तिसऱ्या लग्नाची तयारी ऐकत होती. मग जाहिराती लागल्या तशी आत आली, हेडफोन लावला आणि सरावासाठी वाचायला सुरुवात केली. पहिल्या परिच्छेदातच तंत्रज्ञाचा हात कपाकडे गेला.

"ताई, वाचू नकोस," मैना म्हणाली. "आईला सांगतेस तसं सांग."

"आईला सांगितलं तर आई ऐकत नाही."

"म्हणून तर. ती ऐकेल असं सांग."

ताईने कागद उलटा करून ठेवला आणि जरा विचार केला. तिला घरातलं टेबल आठवलं असावं, किंवा वॉर्डाबाहेरचा बाक. लाल दिवा लागला.

"एक सही राहिली होती," ती म्हणाली. "ती कोणाची, ते आज सांगते."

तंत्रज्ञाने कप खाली ठेवला.